शब्बाथ हा वार, तिथी नव्हे

ताई, तुम्ही विचारलंत की बायबलच्या काळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी नसून चंद्रदर्शनापासून मोजून महिन्याच्या ८, १५, २२ आणि २९ तारखेला यायचा का. हे मत मांडणारे श्रद्धेने वाचणारे लोक आहेत, पण मला ते पटत नाही. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगते: शब्बाथ हा वार आहे, तिथी नाही. अमावस्या कुठल्याही वारी येते, तिच्यामुळे वारांचा क्रम मोडत नाही.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा २३वा अध्याय काढा. शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी देवापुढे धान्याची पेंढी ओवाळायची, तिथून पूर्ण सात शब्बाथ मोजायचे आणि सातव्याच्या दुसऱ्या दिवशी पन्नासावा दिवस यायला हवा. आता चंद्राचा शब्बाथ धरून कागदावर मोजा. निसान, इय्यार, सिवान हे ज्यूंचे लागोपाठचे महिने. निसान १५ ला शब्बाथ, म्हणून पहिला दिवस निसान १६. शब्बाथ येतील निसान २२, २९, इय्यार ८, १५, २२, २९ आणि सिवान ८. निसान ३० दिवसांचा आणि इय्यार २९ दिवसांचा धरला, तर सिवान ९ हा त्रेपन्नावा दिवस होतो! महिना संपताना राहणारे जादा दिवस हिशेब बिघडवतात. सलग सात-सात दिवस मोजले, तरच पन्नास भरतात.

दुसरा पुरावा मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात आहे. नवा चंद्र पाहणाऱ्यांना न्यायसभेपुढे साक्ष द्यायला जाण्यासाठी शब्बाथाचे प्रवासाचे नियम मोडायची मुभा होती. चंद्राच्या हिशेबात चंद्रदर्शन आणि शब्बाथ एकत्र येतच नाहीत, मग अशी मुभा हवी कशाला? शिवाय चंद्राला साक्षीदार लागत, शब्बाथाला कधीच नाही.

महिने आणि सण मात्र चंद्राचेच. बारा चांद्रमास म्हणजे साधारण ३५४ दिवस, ऋतूंपेक्षा ११ कमी. वल्हांडण हा सण वसंतातच यावा म्हणून पुढे १९ वर्षांत ७ वेळा अदार हा महिना जादा घालायचं ठरलं. आपल्या अधिक मासासारखंच. दिवस मात्र सूर्योदयापासून नाही, संध्याकाळपासून मोजायचा. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, तो त्यामुळेच.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, आठवा. त्यांच्या परंपरेप्रमाणे समुद्रात जहाज फुटलं आणि पूर्वजांचे ग्रंथही गेले. तरी ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. साक्षीदार नाहीत, न्यायसभा नाही, पण सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी घाणा बंद, एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं.