नाशिकमध्ये मुलांसाठी मोफत लेखन कार्यशाळा सुरू करायची आहे. नोंदणी कशी करावी, किती मुलं घ्यावीत आणि त्यांचं शुद्धलेखन सुधारावं का? माझी अकरा वर्षांची मुलगीही त्यात असेल.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन देते. खरं बोलायचंय ते तिसऱ्यावर.

पहिलं वर्ष नोंदणीच्या भानगडीत पडूच नका. बारा-पंधरा मुलं, शाळेची एखादी रिकामी खोली, शनिवारची दुपार आणि शंभर पानी वह्या, एवढ्यावर वर्ष निघतं. देणग्या घ्यायची वेळ आली की धर्मादाय आयुक्त कार्यालयाची पायरी चढा. १८६० च्या कायद्याखाली संस्था (सोसायटी) नोंदवायची तर किमान सात माणसं लागतात. देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता (जिला ८०जी म्हणतात) नसेल तर मोठा देणगीदार हात आखडता घेतो. बाकीचं एखादा सीए सांगेल.

आता शुद्धलेखन. कार्यशाळेत सुधारू नका. छापताना तर हातही लावू नका.

आम्ही सातपूरला शनिवारचा वर्ग चालवायचो. एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं. बरीच घरं सटाणा, कळवण, धुळ्याकडून आलेली, घरात अहिराणी. मी एका कंपनीत हिशेब बघायचे, माझ्या सोबतीला निवृत्त झालेले एक मराठीचे सर होते. माणूस मनापासून काम करणारा. स्वतःच्या पेन्शनीतून वह्या आणायचे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट समजू नये.

सातवीतली एक मुलगी होती. पहिले दोन महिने तिने वहीत फक्त तारीख लिहिली. मी विषय देताना 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस' असलं कधीच देत नसे. त्या शनिवारी म्हटलं, घरातलं कुणीतरी झोपलेलं असताना ते कसं दिसतं ते लिहा. तिची आई हंगामात दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसला जायची. दिवसभर हातात कात्री, घडातले खराब मणी काढायचे. मुलीने पान भरून लिहिलं, अर्धं शाळेच्या मराठीत, अर्धं घरच्या. मधेच एक ओळ होती: 'मन्ही माय झोपमा बी कात्री चालवस.'

मी ती ओळ वाचली आणि वही बंद करून तिच्या हातात दिली. 'छान' म्हणायलाही जीभ उचलेना.

२७ फेब्रुवारीला मुलांची पुस्तिका काढायचं ठरलं. चोवीस पानं, पिवळं मुखपृष्ठ. मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची प्रुफं, सरांनी बघितली. एक प्रत माझ्याकडेही आली होती. मार्चअखेर तोंडावर आलेली, मी ती न उघडता पिशवीत तशीच ठेवली. ही चूक माझी.

कार्यक्रमाला पालक आले होते. तिची आई कामाचा खाडा करून आलेली, दुसऱ्या रांगेत बसली होती. मुलगी पुस्तिका उघडून वाचायला उभी राहिली. दोन ओळी वाचल्या आणि थांबली. पान उलटून मागे बघितलं, पुन्हा पुढे आली, खाली छापलेलं स्वतःचं नाव बघितलं. मग वाचलं: 'माझी आई अतिशय कष्टाळू आहे. ती झोपेतही कामाचाच विचार करते.' टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या.

नंतर मुलीने मला एवढंच विचारलं, "ताई, माझं कुठे गेलं?"

पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले. आईने चहा केला. मुलगी आत होती, बाहेर आली नाही.

सरांशी माझं त्या आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, "हे कुसुमाग्रजांचं गाव आहे. इथून अशुद्ध पुस्तक निघालं तर लोक या पोरांनाच हसतील." मी विचारलं, तुम्ही तीस वर्षं वर्गात बहिणाबाई शिकवलीत ना? तिथे कधी लाल पेन चाललं का? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली आणि त्या गेल्यावर १९५२ साली ती छापली गेली, ती खानदेशी बोलीतच. आज त्यांचं नाव विद्यापीठाला आहे. मुलाने 'माय'ची 'आई' केली असती तर आपल्या हाती काय उरलं असतं? आणि नाशिकचंच नाव घ्यायचं तर विहितगावचे दलित कथाकार बाबूराव बागूलही याच गावचे. सर म्हणाले, ते मोठे लेखक. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही. मोठं झाल्यावर आपली भाषा वापरायची परवानगी मिळते, असं सातवीतल्या पोरीला शिकवायला आपण शनिवारी जमत नव्हतो.

डब्लिनला रॉडी डॉयल या कादंबरीकाराने एका सहकाऱ्यासोबत २००९ मध्ये 'फायटिंग वर्ड्स' नावाचं मोफत केंद्र सुरू केलं. तिथे सगळा वर्ग मिळून गोष्टीची सुरुवात रचतो, एक जण ती टाइप करून पडद्यावर दाखवत जातो, आणि पुढची गोष्ट ज्याने त्याने स्वतः लिहायची. आमच्याकडे पडदा कुठला, मी फळ्यावर तसं करायला लागले. पोरं बोलतील ते जसंच्या तसं फळ्यावर. 'नही' म्हणाली तर 'नही'. पहिल्यांदा केलं तेव्हा एक मुलगा ओरडला, "ताई, हे असं लिहितात?" मी म्हटलं, तू आत्ता बोललास ना, मग लिहिलं. त्या दिवशी वह्या लवकर उघडल्या.

तुम्ही पुस्तिका काढाल तेव्हा मुद्रित आधी त्या-त्या मुलाच्या हातात द्या. त्याने पेन्सिलने खूण करून 'माझंच आहे' म्हटलं की मगच छापखान्यात पाठवा. ऱ्हस्व-दीर्घ त्याला विचारून दुरुस्त केलंत तर माझी हरकत नाही. शब्द बदलायचा नाही, वाक्य तर नाहीच.

आणि हो, दहावीच्या पोरांना परीक्षेत शुद्धलेखनाचे गुण जातात, हे खरं आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, वेगळी वही ठेवा. सर ते फार सुंदर शिकवायचे, ते काम त्यांचंच होतं. शिवाय कोणताही मोठा माणूस मुलांसोबत खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, स्वयंसेवक कितीही ओळखीचा असो.

तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे असं लिहिलंय. पहिलं वर्ष तिला तुमच्या गटात घेऊ नका, दुसऱ्या ताईच्या गटात बसवा. आणि तिची वही तिने दिल्याशिवाय उघडू नका.