डिले लावल्याशिवाय लाइव्ह जाऊ नकोस

प्रिय मित्रा,

दिवाळीच्या सुट्टीत बीजीएमआयची, म्हणजे त्या मोबाईलवरच्या बंदुकांच्या लढाईच्या गेमची स्पर्धा घेतोयस आणि यूट्यूबवर लाइव्हही दाखवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. चार-चार जणांचे सोळा स्क्वॉड म्हणजे चौसष्ट पोरं. जिवाला घोर लागेल, पण घेच.

माझ्या पहिल्या स्पर्धेत सगळी धावपळ थंबनेल आणि ओव्हरलेमध्येच (चित्रावर दिसणाऱ्या नावं-पॉइंटच्या पट्ट्यांमध्ये) गेली. तिसरी मॅच एरँगल या मॅपवर होती, झोन, म्हणजे खेळायची आकसत जाणारी सुरक्षित जागा, त्यातल्या पोचिंकी गावात येऊन मिटत होता. एक स्क्वॉड दुमजली घराच्या जिन्याखाली दबा धरून बसला होता. पावलाचा आवाज नाही, गोळी नाही. तरी समोरच्यांनी नेमका त्याच जिन्यात ग्रेनेड टाकला. त्यांच्यातला एकजण दुसऱ्या फोनवर माझंच लाइव्ह बघत होता. लाइव्हवर मी ऑब्झर्व्हरचं, म्हणजे न खेळता बघणाऱ्याचं चित्र दाखवत होतो, आणि त्याला सगळे दिसतात. शिवाय चॅटला पटकन उत्तरं देता यावीत म्हणून मी लेटन्सी, म्हणजे चित्र पोचायला लागणारा उशीर, अगदी कमी ठेवली होती. रात्री हरलेल्या पोरांनी विचारलं, "दादा, आमची जागा तुम्हीच दाखवलीत ना?" मला तोंड वर करवेना.

म्हणून ओबीएसच्या (लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरच्या) अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्ट्रीम डिले ३०० सेकंद लाव, म्हणजे प्रेक्षकांना खेळ पाच मिनिटं उशिरा दिसेल. प्रेक्षकांचं काही बिघडत नाही. फक्त स्ट्रीमवर मॅच संपेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल टाकू नकोस, आणि शेवटी स्टॉप दाबल्यावर पाच मिनिटं कॉम्प्युटर बंद करू नकोस, मागचं प्रसारण अजून जात असतं.

गेममधल्या आपल्या स्पर्धेच्या रूमचा आयडी-पासवर्ड फक्त कॅप्टनना दे, पंधरा मिनिटं आधी. दिलेल्या वेळेला मॅच सुरू कर, उशिरा येणारा कितीही जवळचा असो. एका टीमसाठी थांबलास की वेळेवर आलेल्या पंधरा टीमचा तुझ्यावरचा विश्वास उडतो. पॉइंटचा तक्ता आधीच जाहीर कर: पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला (प्रतिस्पर्ध्याला बाद केल्याबद्दल) १. प्रत्येक मॅचच्या निकालाचा स्क्रीनशॉट ठेव, वाद तिथेच मिटतात.

चित्र ७२०पी, ३० एफपीएसवर पुरेसं दिसतं. बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) ३००० केबीपीएसच्या आसपास ठेव, अपलोड स्पीड त्याच्या दुप्पट हवा. वायफाय नको, लॅन केबल जोड. राऊटर इन्व्हर्टरवर घे. चॅनेल नवा असेल तर लाइव्हची परवानगी आजच माग, चोवीस तास लागू शकतात. कॉमेंट्री मराठीतच कर, पोरांच्या आयाही बघायला बसतात.

प्रवेश फी गोळा करून त्यातून बक्षीस वाटू नकोस. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आहे. ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे धरलेत, तरी शाळकरी पोरांकडून पैसे घ्यायचेच कशाला? गावातल्या मोबाईलवाल्याला विचार, इअरफोनचे चार जोड तो आनंदाने देईल.

स्लॉट लिस्ट (कुठली टीम कुठल्या क्रमांकावर, ती यादी) तयार झाली की मला पाठव. पॉइंट लिहायला मी येतो.

तुझा,
दादा