गाडी माझ्या नावावर, पिऊन चालवतात मिस्टर

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. कर्ज काढून घेतलेली गाडी माझ्या नावावर आहे. मिस्टर आठवड्यातून दोन-तीनदा ढाब्यावर पितात आणि गाडी चालवत घरी येतात. मार्चमध्ये नाकाबंदीत सापडले, कोर्टात दहा हजार दंड भरला. आता म्हणतात, 'विमा आहे ना, कशाला घाबरतेस?' गेल्या आठवड्यात डावीकडचा आरसा तुटलेला दिसला. कुठे लागलं, त्यांना आठवत नाही. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल का?

उत्तर : ताई, हो, येईल.

दारू पिऊन चालवण्याचा गुन्हा चालवणाऱ्याचा. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ प्रमाणे त्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. ते प्यायलेत हे दिसत असताना तुम्ही किल्ली हातात दिलीत, तर प्रश्न तुमच्यापर्यंत येतो.

खरा बोजा भरपाईचा. मोटार अपघात न्यायाधिकरणातल्या दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघंही असतात, आणि मालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव. समजा, महिना वीस हजार कमावणारा, छोटा धंदा करणारा ३० वर्षांचा माणूस गेला. मागे बायको आणि दोन मुलं. ठरलेला हिशेब असा : पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करायचा, वर्षाच्या रकमेला १७ ने गुणायचं. ३८ लाख ८ हजार होतात. इतर रकमा वेगळ्याच.

'विमा आहे' हे अर्धवट खरं आहे. चालक दारूच्या अमलाखाली होता, हा बचाव कलम १५० ने विमा कंपनीला दिला आहे. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. मालक तुम्ही. त्या वसुलीत पगाराच्या काही भागावर जप्तीही येऊ शकते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची तर आशाच नको. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये ठोकलेल्या पोर्शेचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. श्वासचाचणीचा आकडा नव्हता, तरी एप्रिल २०२१ मध्ये निकाल विमा कंपनीच्या बाजूने लागला.

दहा हजारांनी विषय संपलेला नाही. दुसऱ्यांदा सापडले तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माणूस मेला तर कैद त्याहून मोठी. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात जण गाडीखाली गेले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. कायद्याची मर्यादा ३० आहे. तिथे कोर्टाने नुसता निष्काळजीपणा मानला नाही, सदोष मनुष्यवध मानला.

आता एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही : त्यांचं लायसन्स कुठे आहे? अशा केसमध्ये पोलिसांनी ते जप्त करून आरटीओकडे पाठवायचं असतं. ते निलंबित असेल आणि तरी तुम्ही गाडी वापरू दिलीत, तर कलम १८० खाली मालक म्हणून आरोपी तुम्हीच. परिवहनच्या वेबसाइटवर लायसन्सची स्थिती आजच बघा.

गाडी त्यांच्या नावावर करावी का, हे बरेच जण विचारतात. बँकेची एनओसी घेऊन करता येईल. त्याने तुम्ही सुटाल, रस्त्यावरचा माणूस सुटणार नाही. म्हणून मी आधी किल्ली म्हणतो. दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली शाळेच्या पर्समध्ये ठेवा, दुसरीसुद्धा. सकाळी ते शुद्धीवर असताना सांगा आणि व्हॉट्सॲपवर लिहा : पिऊन माझी गाडी चालवायला माझी परवानगी नाही. न्यायाधिकरणात याने सगळं निभावेलच असं नाही, पण कलम १८८ च्या बाबतीत हा मेसेज मोलाचा. तरी निघालेच, तर ११२ ला गाडीचा नंबर सांगा. बायकोने फोन करू नये असं कोणताही कायदा म्हणत नाही. किल्लीसाठी हात उगारला तर १८१, महिला हेल्पलाइन.

आणि तो आरसा. डावी बाजू म्हणजे रस्त्याची कड, तिथून माणसं चालतात. झाडाला घासला असेल तर देव पावला. पण ढाब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर त्या रात्री कुणाला धक्का लागला का, याची दिवसा चौकशी करा आणि तोवर आरसा बदलू नका. कुणी जखमी झालं असेल, तर लगेच वकील गाठा आणि त्यांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा. माहीत असून आरसा बदललात तर तो पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होईल, आणि तो तुमच्या हातून झालेला असेल.