तुमची शंका: ३६ हजारांत गेम खेळायची छोटी पेटी

प्रश्न : ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. लहान भाऊ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कापसाचे चुकारे झाले तेव्हा बाबांनी त्याच्या कॉम्प्युटरसाठी ३६ हजार बाजूला काढले, अभ्यासासाठीही आणि गेमसाठीही. घर दोन खोल्यांचं, वर टिना. समोरच्या खोलीत अर्धा कापूस, अर्धे आम्ही. टीव्हीशेजारच्या फळीवर मावेल एवढीच पेटी पाहिजे. ३२ इंची टीव्ही स्क्रीन म्हणून चालेल का? भावाला जीटीए ५ आणि व्हॅलोरंट खेळायचं आहे. त्यानं व्हिडिओ पाहून बुटाच्या डब्याएवढी मिनी-आयटीएक्स पेटी आणि जुनं ग्राफिक्स कार्ड असं ठरवलं आहे. घ्यावं का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचताना मी 'अर्धा कापूस, अर्धे आम्ही' या ओळीवर थांबले. माझं माहेर कास्तकाराचं. दिवाळीनंतर आमचीही समोरची खोली आढ्यापर्यंत भरायची. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते : कापूस विकून खोली रिकामी होईपर्यंत कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेवा. कापसाचे तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे घट्ट बसतात. मी चिमट्यानं असे गोळे काढले आहेत. पण माझी खरी भीती आगीची आहे. सैल प्लग, स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड आणि शेजारी कापसाची रास, एवढं ठिणगीला पुरतं. त्या खोलीत ही वस्तू नकोच.

आता पेटी. मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे प्रोसेसर, रॅम वगैरे सगळे भाग ज्यावर बसतात ती छोटी पाटी, १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो. दिसायला देखणा, पण तेवढंच काम करणाऱ्या मोठ्या बोर्डापेक्षा बराच महाग. पॉवर सप्लायही छोट्या मापाचा लागतो, तोही महाग. चार वर्षांपूर्वी माझ्या भाच्यासाठी मी अशीच पेटी जुळवली होती. जानेवारीत मशीन सुरेख चाललं. मे महिन्यात दुपारी गेम दहा मिनिटांत अडखळायला लागला. टिनाखाली खोलीच ४३-४४ अंशांवर गेली होती. पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. खोली वीस अंशांनी तापली की आतला प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर चढतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. व्हिडिओतली माणसं बहुधा एसीच्या खोलीत बसलेली असतात. आपल्याकडे छोटी पेटी घेताना ती श्वास घेऊ शकेल एवढी तरी मोठी हवी.

तुम्ही मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्या, २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. त्याला बसणारी, समोरून जाळीची बुटकी पेटी मिळते. घेण्याआधी ती फळीवर मावते का ते मोजून पाहा. मागे चार बोटं जागा मोकळी सोडा. समोरच्या जाळीवर आतून मच्छरदाणीचा तुकडा लावा आणि आठवड्याला ब्रशनं झाडा.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी घ्या. सहा कोअर, ६५ वॅट, सोबत कूलर, आणि ग्राफिक्स त्याच्या पोटातच. शेवटचं 'जी' अक्षर बिलावर तपासा. नुसता ५६०० घेतला तर कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. भावाला जुन्या कार्डाचा मोह आहे, तो मी समजू शकते. पण कुणाकडे किती तापून निघालेलं कार्ड आहे ते बाहेरून कळत नाही, आणि तुमच्या पैशांत ते बिघडलं तर दुसरं घेता येणार नाही. बोर्डावर कार्डाची जागा रिकामी राहील. पुढच्या चुकाऱ्यांत घ्या.

टीव्हीमागचं लेबल वाचा. ३२ इंची टीव्ही बरेचदा १३६६ बाय ७६८ चा असतो. मॉनिटर म्हणून लोक त्याला नाक मुरडतात, पण तुमच्यासाठी हे चांगलंच आहे. फुल एचडीत वीस लाखांवर ठिपके रंगवावे लागतात, इथं साडेदहा लाखांच्या आत, म्हणजे निम्मेच. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला तेवढं ओझं पेलतं. कमी सेटिंगवर व्हॅलोरंट छान पळेल, जीटीए ५ सुद्धा. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर चालू करा, माऊस हलवल्यावर चित्र मागे राहणं कमी होतं. अभ्यासाची बारीक अक्षरं मात्र त्यावर फिकट दिसतील. डोळ्यांसाठी टाइप मोठा ठेवा.

पैसे रॅममध्ये हुशारीनं घाला. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, ८-८ जीबीच्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते, दोनांतून ५१.२. गेममधला फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. दुकानदार 'एकच घ्या, दुसरी नंतर लावा' म्हणेल. ऐकू नका. जोडल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानंच चालत राहते. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव फार चढले आहेत, एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळल्यामुळे. तुमचं बजेट इथंच ताणेल. जुनी वस्तू घ्यायचीच असेल तर रॅम घ्या. दुकानात लावून पाहा, घरी मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. चूक असली तर सकाळपर्यंत समोर येते.

पेटीसोबत फुकट मिळणारा '५०० वॅट'चा पॉवर सप्लाय घेऊ नका. ४५० वॅटचा, कमी वीज वाया घालवण्याच्या ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा, आणि लेबलवर '१००-२४०' व्होल्ट लिहिलेला बघा. रात्री वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज किती खाली बसतं ते तुम्हाला माहीत आहे. असा सप्लाय ते सहन करतो. ६०० व्हीएचा यूपीएसही घ्या. हे मशीन गेममध्येही शंभर वॅटच्या आसपासच खातं, लाईन गेली तर नीट बंद करायला वेळ मिळतो.

आणि अर्थिंग. पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येते. सप्लायमधल्या फिल्टरचा किंचित प्रवाह जमिनीत जायला वाट नसली की तो पत्र्यावर बसतो. घराला अर्थिंग नसेल तर वायरमनकडून खड्डा घेऊन पाइप, कोळसा, मीठ घालून करून घ्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग सुटतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. या खर्चासाठी एसएसडी, म्हणजे विंडोज आणि गेम साठवायची डिस्क, १ टीबीऐवजी ५०० जीबीची घ्यावी लागली तरी चालेल.

जीटीए ५ शंभर जीबीच्या वर आहे. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत तो उतरायला दोन महिने लागतील. यवतमाळात फायबर असलेल्या मित्राकडे उतरवा आणि फोल्डर हार्ड डिस्कवरून आणा. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात, दोन्ही या बोर्डावर बायोसमध्ये मिळतात.

उन्हाळ्यात पेटी खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट वाऱ्यात ठेवू नका. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डावर पांढरे डाग सोडतात.

प्रश्न : ऑफिसातून निघालेले लिटरभर आकाराचे जुने मिनी कॉम्प्युटर स्वस्त मिळतात. गेमला चालतील का?
— एक वाचिका, जि. वाशिम

उत्तर : अभ्यास, फॉर्म भरणं, जुने गेम, यांना उत्तम चालतील. वीजही फार कमी खातात. फक्त इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. त्याआधीच्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बहुतेकांत ग्राफिक्स कार्ड बसत नाही, म्हणून नंतर वाढवायची इच्छा असेल तर त्याच कंपन्यांची जरा मोठी, उभी 'एसएफएफ' पेटी पाहा. त्यात बुटकं, स्लॉटमधूनच वीज घेणारं ७५ वॅटच्या आतलं कार्ड लागतं. घेताना मशीन अर्धा तास चालवून पंख्याचा आवाज ऐका आणि अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे ना, हे पाहून घ्या.