अमेरिकेच्या दक्षिणेत दोन इंच बर्फ पडला की सगळं ठप्प का होतं?

तुमचा भाचा अटलांटाला असतो. जानेवारीत त्याने फोनवर सांगितलं, "उद्या दोन इंच बर्फ आहे, ऑफिस बंद, शाळा बंद, दुकानात ब्रेड नाही," आणि तुम्हाला हसू आवरलं नाही. मनालीत फूटभर बर्फात माणसं कामाला जातात, मग अमेरिकेत एवढ्याशा बर्फाला घाबरायचं काय, असा तुमचा प्रश्न.

हसा, हरकत नाही. माझा दीर उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला राहतो, तो दर वर्षी हसतो. "वहिनी, आमच्याकडे एवढ्या बर्फात पोरं हाफ पँटवर कचरा टाकायला जातात," हा त्याचा ठरलेला मेसेज. मी अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात राहते, आणि पहिली दोन-तीन वर्षं त्याच्याबरोबर मीही हसायचे. मग 28 जानेवारी 2014 चा मंगळवार आला.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. खिडकीत उभं राहून आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. साडेबाराला साहेब म्हणाले, निघा. त्याच अर्ध्या-पाऊण तासात शहरातल्या बहुतेक साहेबांनी हेच सांगितलं, शाळांनी मुलं सोडली, सरकारी कचेऱ्या सुटल्या. एरवी सकाळी तीन-चार तासांत विखरून येणारी माणसं एकाच वेळी रस्त्यावर उतरली. माझं घर ऑफिसपासून चौदा मैल. एक वाजता निघालेली मी रात्री दीडला पोचले.

आता बर्फ किती पडला होता? अडीच इंचांच्या आसपास. पण गाडी भुसभुशीत बर्फावरून तेवढी घसरत नाही, त्या बर्फाचं जे होतं त्यावरून घसरते. हजारो टायरांखाली तो वितळला, हवा शून्याच्या बरीच खाली होती, त्यामुळे ते पाणी तिथल्या तिथे गोठलं आणि रस्त्यावर काचेसारखा थर बसला. याला इथे ब्लॅक आइस म्हणतात, कारण तो दिसतच नाही, खालचं डांबर दिसतं. त्यातून अटलांटा म्हणजे सगळा चढउतार. एक ट्रक चढावर आडवा झाला की मागे पाच मैल रांग. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या होत्या, नव्हत्या असं नाही, पण त्याही त्याच रांगेत अडकल्या. खापर कुणावर फोडायचं यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली, ती सोडा.

माझ्या गाडीत त्या दिवशी काय होतं, तर हळदीकुंकवाची पिशवी. रथसप्तमी व्हायची होती, शनिवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं, म्हणून वाणाच्या स्टीलच्या डब्या आणि तिळाच्या वड्यांचा मोठा डबा मागच्या सीटवर पडला होता. संध्याकाळी सहाला शेजारच्या पिकअपमधल्या धिप्पाड माणसाने काच ठोठावली आणि विचारलं, पेट्रोल पुरेल ना? माझं चाक एका जागी गरगर फिरत होतं ते त्याने पाहिलं होतं. मागून एक पिशवी आणून त्याने चाकाखाली करड्या रंगाचे खडे ओतले. मांजराला घरात शी करायला ठेवतात ती माती. त्या खड्यांवर चाकाची पकड बसते, हे दक्षिणेतल्या लोकांना माहीत असतं, मला नव्हतं. मी त्याला दोन वड्या दिल्या. त्याने त्या हुंगून पाहिल्या, मग खाल्ल्या आणि आणखी दोन मागितल्या.

त्या रात्री लोक मोठ्या दुकानांत मांडण्यांमधल्या वाटांवर झोपले, औषधांच्या दुकानात झोपले, शेकडो मुलं शाळेतच राहिली. एका बाईचं बाळंतपण हायवेवर गाडीत झालं. फेसबुकवर एक गट निघाला, 'मी अमुक चौकात अडकलोय' असं कुणी लिहिलं की जवळ राहणारा उत्तर देई, 'आमच्याकडे या, सोफा आहे, सूप आहे'. मी 26 जुलै 2005 ला अंधेरीहून मुलुंडला चालत गेलेली बाई. सांताक्रूझला तेव्हा 944 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि इथे बोटभर बर्फ, पण अडकलेल्या लोकांना पार्ले बिस्किटं वाटणारी आणि सूप वाटणारी माणसं मला एकाच घरातली वाटली. माझी मुलगी तीन वर्षांची होती, नवरा शिकागोला कामाला गेलेला. डे-केअरमधल्या दोघीजणी अकरा मुलांना घेऊन थांबल्या होत्या. मी पोचले तेव्हा ती एकीच्या जाकिटात गुंडाळून झोपलेली. त्या दोघींची स्वतःची मुलं कुठे होती हे विचारायचं मला सुचलंच नाही, ते आजही टोचतं.

दोनच आठवड्यांनी, फेब्रुवारीत, पुन्हा वादळ आलं. या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोक घाबरले होते म्हणून नव्हे, शहाणे झाले होते म्हणून. शिवाय हा पहिला धडाही नव्हता, 1982 च्या जानेवारीत अटलांटात अगदी अशीच कोंडी झाली होती. शेजारच्या आजी तिला 'स्नो जॅम' म्हणतात. ऐकताना पावाला लावायचा जॅम वाटतो, पण हा ट्रॅफिक जॅममधला जॅम, आणि त्या दिवशी त्या बारा मैल चालल्या होत्या.

मग सगळी यंत्रणा आधीच का नाही आणून ठेवत? हिशेब करा. बफेलोला वर्षाला सरासरी नव्वदेक इंच बर्फ पडतो, अटलांटाला दोन इंच, तोही दर वर्षी नाही. जानेवारी 2018 नंतर इथे धड इंचभर बर्फ पडायला 10 जानेवारी 2025 उजाडावं लागलं. सात वर्षं गंजत पडायला बर्फ बाजूला सारणाऱ्या किती नांगरगाड्या घेणार? 2014 नंतर सुधारणा झाली हे मात्र खरं. आता आदल्या दिवशी हायवेवर मिठाचं पाणी शिंपडतात, साधारण 23 टक्के मीठ. वाळलं की रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा दिसतात, कुणीतरी मोठ्या फणीने रांगोळी ओढल्यासारख्या. त्या रेघा दिसल्या की मुलं ओळखतात, उद्या शाळा नाही. तरी खात्री म्हणून रात्री पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपायचं, म्हणजे बर्फ नक्की येतो. माझी मुलगी आता चौदाची आहे, तिने यंदाही चमचा ठेवला. बर्फ आला, पण कोविडनंतर शाळांना ऑनलाइनची खोड लागलीय, त्यामुळे आमची ही साडेआठला लॅपटॉपवर हजर.

ब्रेड आणि दूध संपतं हा इथल्या लोकांचा स्वतःवरचाच विनोद आहे. देशी दुकानात वेगळं दृश्य असतं: आधी फ्रोझन पराठे जातात, मग कोथिंबीर. कोथिंबीर का, ते मला विचारू नका, मीही चार जुड्या घेते. आणि वॉफल हाउस उघडं आहे का हे बघायचं. ही चोवीस तास चालणारी नाश्त्याची हॉटेलं, त्यांचं मुख्यालय इथेच नॉरक्रॉसला. ती संकटातही सहसा बंद होत नाहीत, म्हणून आपत्ती निवारणाची केंद्रीय संस्था फेमाचे तेव्हाचे प्रमुख क्रेग फ्युगेट त्यावरून अंदाज बांधायचे. पूर्ण मेनू मिळतोय तर हिरवा, कमी पदार्थ तर पिवळा, कुलूप दिसलं तर लाल.

इथवर सगळं गमतीत गेलं. टेक्सासचं सांगताना गंमत सुचत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथली वीज गेली, 45 लाखांहून जास्त घरांची. राज्याने नंतर मोजलेले मृत्यू 246. काही जण थंडीने गेले, काही ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्याने, विषारी वायूने. माझी मावसबहीण ह्यूस्टनजवळ केटीला असते. दक्षिणेतली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून नाहीतर माळ्यावरून नेलेले. तिच्या माळ्यावरचा पाइप फुटला आणि देवघरावरचं छत खाली आलं. तीन दिवस ती संडाससाठी अंगणातला बर्फ बादलीत वितळवत होती. तिला कुणी 'दोन इंचांना काय घाबरता' म्हणालं तर ती उत्तर देत नाही, फोन ठेवते.

आणि तरीही, सकाळी पडदा सरकवल्यावर बाहेर पांढरं दिसलं की हीच माणसं लहान होतात. 21 जानेवारी 2025 ला मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर बर्फाचं वादळ आलं. न्यू ऑर्लीन्सला आठ इंच, फ्लॉरिडात मिल्टनला 9.8 इंच, त्या राज्याचा विक्रम. महामार्ग बंद, विमानतळ बंद, आणि न्यू ऑर्लीन्सच्या गजबजलेल्या बर्बन स्ट्रीटवर लोक स्कीइंग करत होते. घसरगाडी कुणाकडे असणार? मग पुठ्ठ्याची खोकी, समुद्राच्या लाटांवर खेळायच्या फळ्या, गाडीला बांधलेल्या होड्या. आमच्याकडे आम्ही पोळपाट सोडून बाकी सगळं वापरून पाहिलं. बर्फाचा थर इतका पातळ की गोळा केला की खालची आमच्या जॉर्जिया राज्याची लाल माती आणि पाइनच्या काड्याही येतात. आमचा स्नोमॅन नेहमी विटकरी असतो. बफेलोच्या दिराला फोटो पाठवला तर त्याने विचारलं, "हा मुरुमाचा ढीग कशाला पाठवलात?"

भाच्याला एवढं सांगा. रात्री नळ पेन्सिलीएवढ्या धारेने नाही, थेंब थेंब चालू ठेव आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाक, म्हणजे घरातली ऊब पाइपांना लागते. डिकीत मांजराची माती ठेव, मांजर नसलं तरी. आणि शेजारच्या कुणा आजींनी वाडग्यात बर्फ, दूध, साखर आणि व्हॅनिला घालून पुढे केलं तर नको म्हणू नकोस. त्याला स्नो क्रीम म्हणतात. आमच्या आजी पहिल्या तासाचा बर्फ घेत नाहीत, त्यात हवेतली धूळ उतरते म्हणे. नंतर अंगणात परात मांडून ठेवतात, आणि जी परात त्या मांडतात, ती माझ्याकडून नेलेली कणीक मळायची आहे.