वय नेमकं कशाचं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस, "अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सच्या मानवी पाऊलखुणा २३,००० वर्षं जुन्या असल्याचं कार्बन-१४ पद्धतीने सिद्ध झालं आहे." या वाक्याशी मी थांबले, आणि हे पत्र त्याच वाक्याबद्दल आहे. बाकीच्या किरकोळ गोष्टी समासात लिहिल्या आहेत.

पाऊलखुणेत कार्बन नसतो. खरं तर पाऊलखूण म्हणजे वस्तूच नव्हे, खळगा. ओल्या गाळात पाय रुतला, निघाला, नंतर वरून दुसरी माती येऊन बसली. त्या खळग्याचं वय मोजणारं यंत्र नाही. आपण मोजतो ते शेजारपाजाऱ्यांचं वय : एखादी बी, परागकण, वाळूचा कण, राख. म्हणून आकडा समोर आला की आधी विचारायचं, हे वय कशाचं, आणि त्याच्या आयुष्यातल्या कुठल्या घटनेचं? बीचं वय म्हणजे तिने कार्बन घेणं थांबवलं तेव्हापासूनचा काळ. वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणाचं वय म्हणजे त्याने शेवटचं ऊन पाहिलं तेव्हापासूनचा. "इथून माणूस चालत गेला" ही घटना यांपैकी कुठेच नोंदलेली नाही. ती थर वाचून जुळवावी लागते. खुणेखालचा थर सांगतो की पाऊल याहून जुनं असणार नाही, वरचा सांगतो की याहून अलीकडचं नाही. तुझ्या मसुद्यात हे दोन शब्द, "खालचा" आणि "वरचा", एकदाही आलेले नाहीत.

आता व्हाइट सँड्सचंच बघ. न्यू मेक्सिकोत ओटेरो नावाचं एक प्राचीन सरोवर होतं, आता तिथे जिप्समची पांढरी वाळू आहे. त्याच्या काठच्या गाळात एकावर एक अशा अनेक थरांत माणसांची पावलं उमटली आहेत, त्यांतली बरीच मुलांची आणि किशोरवयीनांची. त्या थरांच्या आगेमागे रुपिया या पाणवनस्पतीच्या बिया सापडल्या. २०२१ मध्ये मॅथ्यू बेनेट आणि सहकाऱ्यांनी त्या बियांवरून २१,००० ते २३,००० वर्षं असा काळ सांगितला. अमेरिकेत माणूस क्लोव्हिस काळात, म्हणजे साधारण १३,००० वर्षांपूर्वी पोचला, असं शिकत मोठ्या झालेल्या पिढीला हे पचणं कठीणच होतं. पण आक्षेप निव्वळ हट्टातून आला नव्हता, हे लक्षात घे.

रुपिया पाण्याखाली वाढते आणि कार्बन घेते तो पाण्यात विरघळलेला. आजूबाजूच्या डोंगरांत चुनखडी आहे. कार्बन-१४ काळानुसार घटत जातो, आणि चुनखडीतला कार्बन इतका जुना की त्यात तो उरलेलाच नाही. भूजलातून हा जुना कार्बन सरोवरात उतरला, वनस्पतीने घेतला, की कालची बीसुद्धा लॅबमध्ये म्हातारी दिसते. आणि हे नुसतं कागदावरचं गणित नव्हतं. त्याच खोऱ्यातल्या मालपाइस झऱ्यातून १९४७ साली गोळा केलेलं रुपियाचं एक रोप होतं. त्याचं कार्बन वय आलं सुमारे ७,४०० वर्षं! मला विचारशील तर या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता पुरावा म्हणजे ती वाळकी काडी. कुणीतरी वनस्पती जमवताना ती ठेवून दिली, तीही पन्नाशीच्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढवण्याआधी. वादाला धार आली ती तिच्यामुळे.

मग मूळ गटाने काय केलं? आणखी बिया नाही मोजल्या. त्याच चुकीच्या घड्याळात शंभरदा वेळ पाहिली म्हणून ती बरोबर होत नाही. २०२३ मध्ये जेफ पिगाटी, कॅथलीन स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी बियांच्याच थरांतून पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे परागकण वेगळे केले. ही झाडं कार्बन हवेतून घेतात, त्यामुळे चुनखडीचा संबंधच तुटला. एकेका नमुन्यासाठी सुमारे ७५,००० कण लागले. ते वेचायला वापरला फ्लो सायटोमीटर, रक्तपेशी मोजायला असतो तो. शिवाय गाळातल्या क्वार्ट्झचं ओएसएल वय, म्हणजे कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते, काढलं, ते किमान २१,५०० वर्षं आलं. २०२५ मध्ये व्हान्स हॉलिडे यांच्या गटाने तिथल्या गाळातल्या सेंद्रिय मातीची वेगळ्या लॅबमध्ये वयं काढली, तीही त्याच काळाच्या आसपास आली.

इथे आकडे जुळले याहून महत्त्वाचं काय, तर त्यांच्या चुका जुळणाऱ्या नव्हत्या. बी चुकेल ती पाण्यामुळे. परागकण चुकेल तो जुन्या गाळातून वाहून आला असेल तर. क्वार्ट्झ चुकेल ते पुरतं ऊन न मिळाल्याने. तिघांनी वेगवेगळ्या कारणांनी चुकून एकाच आकड्यावर येणं अवघड. तू तक्त्यात नऊ डेट्स दिल्या आहेस, नऊच्या नऊ बियांच्या. तो एकच साक्षीदार नऊ वेळा बोलला.

घरचं उदाहरण हवं असेल तर जुन्नर तालुक्यातलं बोरी. कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख आणि दगडी हत्यारं. त्या राखेचं वय आधी १४ लाख वर्षं आलं, मग ६.७ लाख, आणि काचकणांच्या रासायनिक ओळखीवरून काहींनी म्हटलं, ही तर ७५,००० वर्षांपूर्वी इंडोनेशियात फुटलेल्या टोबा ज्वालामुखीची. अशा राखेत दख्खनच्या बेसाल्टचे जुने कण मिसळले तर वय फुगतं, आणि नदीने राख हलवली असेल तर हत्यारांशी तिचं नातंच सैल होतं. एकदा जाऊन ये. एसटीने अर्धा दिवस.

आणि माझंही ऐक, म्हणजे मी तुला वरून उपदेश करतेय असं वाटणार नाही. तुझ्या वयाची असताना नदीकाठच्या गाळात ओएसएलसाठी नळी ठोकली, दोन्ही तोंडं काळ्या कापडाने बांधली, सगळं शिस्तीत. ओलावा मोजायला वेगळी डबी भरली आणि तिच्या झाकणाला टेप लावायची राहिली. मे महिना, जीप, दोन दिवस प्रवास. लॅबमध्ये उघडली तर माती ज्वारीच्या पिठासारखी कोरडी. ओएसएलमध्ये कणात साठलेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेला दरवर्षीच्या मात्रेने भागून वय काढतात, आणि जमिनीतलं पाणी तो किरणोत्सर्ग अडवतं. ओलावा कमी धरला की कणाला दरवर्षी जास्त मात्रा मिळाली असा हिशेब होतो आणि वय कमी येतं. मला ते समजायला हवं होतं. पण आलेलं वय माझ्या कल्पनेशी छान जुळत होतं, म्हणून मी गप्प बसले. पुढे वरच्या थराची डेट खालच्यापेक्षा जुनी निघाली तेव्हा सगळ्यांसमोर तोंड लपवायची वेळ आली.

तर ते पहिलं वाक्य पुन्हा लिही. "सिद्ध" काढ. वय कशाचं, ते पावलाच्या खाली होतं की वर, आणि चूक असलीच तर कुठल्या दिशेने, एवढं त्यात येऊ दे, मग वाक्य लांबलं तरी चालेल. आकृती दोनमध्ये नमुन्यांच्या जागा आहेत पण पावलं नाहीत. ती काढून सोमवारी पाठव.

पुढच्या महिन्यात फील्डला निघशील तेव्हा वायरमनची काळी टेप घे. दोन घे, एक हटकून हरवते.

तुझी,
मॅडम