बाटलीतला बुळबुळीत थर नुसतं विसळून का जात नाही?

तुम्ही विचारलंय, की स्टीलची बाटली रोज विसळूनही आतून बुळबुळीत का लागते, आणि ना हात ना पाय असलेले बॅक्टेरिया गुळगुळीत स्टीलला धरतात तरी कशाने?

आधी एक सांगतो, ते शेवाळ नाही. शेवाळाला उजेड लागतो, स्टीलच्या बंद बाटलीत तो कुठला? हा बॅक्टेरियाचाच थर, बायोफिल्म.

बॅक्टेरिया थेट स्टीलला क्वचितच शिवतो. पाणी भरल्याबरोबर त्यातले सेंद्रिय रेणू भिंतीवर बसू लागतात. तोंड लावून पीत असाल तर लाळेतली प्रथिनंही बसतात. बॅक्टेरिया उतरतो तो या सारवणावर.

उतरणंही सोपं नसतं. त्याच्या अंगावर ऋण प्रभार, भिंतीवरही बहुधा ऋणच, त्यामुळे दोघं एकमेकांना लोटतात. फ्लॅजेला, म्हणजे पोहायच्या शेपट्या, फिरवत तो रेटून जवळ येतो. अगदी भिंतीलगत आला की व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळच्या रेणूंमधली क्षीण ओढ, त्याला ओढून घेतं. पण ही पकड कच्ची असते, पाण्याच्या धारेने सुटणारी.

मग पिलाय कामाला लागतात. हे प्रथिनांचे केसासारखे बारीक धागे. ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या अशा धाग्यांच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं. ते आपल्या पेशींवरच्या मॅनोज साखरेला धरतं, आणि गंमत म्हणजे प्रवाहाने ओढलं की त्याची पकड सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होते! लघवीच्या धारेतही मूत्राशयाला धरून राहायला त्याला याचीच मदत होते.

भिंत लागल्याची चाहूल लागली की बऱ्याच जातींमध्ये पेशीतलं सी-डाय-जीएमपी, म्हणजे आतल्या आत निरोप पोचवणारा एक रेणू, वाढतं. पोहणं थांबतं आणि डिंक स्रवायला लागतो: शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं, शिवाय डीएनए. बोटाला बुळबुळीत लागतो तो मुख्यतः हाच. गोड्या पाण्यातल्या कॉलोबॅक्टरचा डिंक तर इतका जबर, की २००६ साली तो मोजला तेव्हा तो उखडायला एका चौरस मिलिमीटरला सुमारे ६८ न्यूटन ताण लागेल असा हिशेब निघाला. म्हणजे नखाएवढ्या जागेवर काहीशे किलोंचं वजन.

कॉलेजात आम्ही काचेच्या नळीत बॅक्टेरिया वाढवून ते ओतून द्यायचो आणि नळी तीनदा धुवायचो. लख्ख दिसायची. मग क्रिस्टल व्हायोलेट, म्हणजे बॅक्टेरियाला चढणारा जांभळा रंग, घालून पुन्हा धुतली, की जिथवर द्रव होता तिथे जांभळं कडं उमटलेलं! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माझंच धुणं कच्चं.

तेव्हा बाटलीला गरम पाणी, साबण आणि लांब दांड्याचा ब्रश हवा, आणि घासल्यावर ती उघडी ठेवून पूर्ण वाळवा. झाकणातली रबरी रिंग तेवढी काढून बघा. बहुतेकांच्या बाटलीत खरा बुळबुळीतपणा तिच्याखाली असतो.